धिरड्याचे पीठ कोण ठरवते? सेमाडोहचा तवा आणि कोरियाचे उलटे झाकण

धागा 🧵

१/ कोरियन मालिकांत पाऊस सुरू झाला की पुष्कळदा एक तवा दिसतो. तव्यावर तेल, तेलात पसरलेले पातळ पीठ आणि पिठात आडव्या मांडलेल्या कांद्याच्या लांब पाती. या पदार्थाचे नाव 'पाजॉन'. आज तो मराठी घरांतही केला जातो, आणि घरातील वडीलधारी व्यक्ती तो पाहून एकच वाक्य उच्चारते : "हे तर आपले धिरडेच की!" हे वाक्य कितपत खरे आहे, याचा शोध घेताना एक वेगळाच प्रश्न हाती लागतो. धिरड्यात कोणते पीठ पडेल, हे नेमके कोण ठरवते?

२/ प्रथम शब्द स्पष्ट करून घेऊ. भाजी, मासा किंवा मांस पिठात घोळवून अथवा पिठात मिसळून थोड्या तेलावर परतलेल्या पदार्थांना कोरियात 'जॉन' म्हणतात. सरसरीत पीठ तव्यावर ओतून केलेला घरगुती प्रकार म्हणजे 'बुचिमगे'. भिजवलेले मूग वाटून केलेला तो 'बिंदेत्तॉक'. कढईभर तेलात बुडवून तळलेले आपले भजे या कुळातले नव्हे. पिठाचे सरसरीतपण, सपाट तापलेले भांडे आणि तेलाचा बेताचा वापर या तिन्ही खुणांनी हे पदार्थ धिरड्याचे सोयरे ठरतात.

३/ ही चर्चा सेमाडोहला नेऊन करायची आहे. सेमाडोह हे अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा तालुक्यातले, परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, सिपना नदीकाठचे गाव. सभोवार मेळघाटचे जंगल आणि कोरकू वस्त्या. येथे एक गैरसमज आधीच दूर करू. 'कोरकू' आणि 'कोरिया' यांतील साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. कोरकू भाषेत 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणून कोरकू म्हणजे माणसे. 'कोरिया' हे नाव मात्र ९१८ ते १३९२ या काळातील गोर्यो राजवटीवरून आले. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असून संथाळी आणि मुंडारी तिच्या भगिनी होत.

४/ मग सेमाडोहच कशासाठी? कारण धिरड्याचा लिखित इतिहास राजवाड्यांतून आणि संपन्न घरांतून आलेला आहे. पिठाचा इतिहास मात्र डोंगरात अधिक स्वच्छ दिसतो. ज्या प्रदेशात भात सहज पिकत नाही आणि गहू दुरून येतो, तेथे तव्यावरचे पीठ बदलले की त्यामागचे कारण लपून राहत नाही.

५/ आधी राजवाडा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावरील 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ ११२९ च्या सुमारास पूर्ण झाला. त्यातील अन्नविषयक भागात 'धोसक' येतो : भिजवून वाटलेल्या डाळींचे पीठ, त्यात मसाला, आणि ते तेल लावलेल्या तापलेल्या तव्यावर पसरायचे. यात तांदूळ नाही. म्हणजे आजच्या डोशापेक्षा हा धोसक आपल्या मुगाच्या धिरड्याला अधिक जवळचा आहे.

६/ त्याच दशकात, ११२३ साली, चीनच्या सोंग दरबाराचा दूत शू जिंग कोरियात गेला होता. त्याने परतल्यावर लिहिलेल्या वृत्तांतात एक महत्त्वाची नोंद आहे : या देशात गहू थोडा पिकतो, व्यापारी तो चीनमधून आणतात, त्यामुळे गव्हाचे पदार्थ महाग असून मोठ्या समारंभांपुरतेच केले जातात. आज आपण ज्याला कोरियन म्हणून ओळखतो ते गव्हाच्या पिठाचे धिरडे त्या काळी सामान्य घराच्या आवाक्यात नव्हते, एवढे यावरून निश्चित समजते.

७/ पुढचा टप्पा १६७० च्या सुमाराचा. जांग ग्येह्यांग (१५९८–१६८०) या विदुषीने 'उमसिक दिमिबांग' हे पाकपुस्तक हंगुल लिपीत लिहिले. हंगुल लिपीत स्त्रीने लिहिलेले हे सर्वांत जुने ज्ञात पाकपुस्तक मानले जाते. त्यात 'बिंज्या' नावाची कृती आहे : मूग वाटावेत, तापल्या तेलावर थोडे पीठ घालावे, वर मधात कालवलेल्या लाल चवळीसारख्या कडधान्याचे सारण ठेवावे आणि पुन्हा पिठाने झाकावे. आजच्या बिंदेत्तॉकचा हा पूर्वज. पाचशे वर्षांपूर्वीच्या धोसकाशेजारी तो ठेवून पाहा. पिठाची आणि तव्याची रीत जवळपास एकच आहे.

८/ मग ही रीत कोणी कोणाकडून घेतली? असा प्रश्न सुचणे स्वाभाविक आहे, पण त्याची गरज नाही. जेथे वाटण्याचा दगड आहे, कडधान्य आहे, तापवता येईल असा सपाट पृष्ठभाग आहे आणि बोटभर तेल आहे, तेथे धिरडे स्वतंत्रपणे जन्मू शकते. साम्य दिसले म्हणजे देवाणघेवाण झालीच असे नव्हे. समान साधनांतून समान उत्तरे निघतात, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा मोह सर्वांत आधी आवरायचा असतो.

९/ साधनांचे साम्य किती दूरवर जाते पाहा. कोरियात मोठ्या लोखंडी हंड्याचे जड झाकण उलटे करून चुलीवर ठेवत आणि त्यावर जॉन परतत. विदर्भात मातीचे मडके चुलीवर पालथे घालून त्याच्या पाठीवर लांब रोटी भाजतात. दोन्हीकडे वेगळा तवा विकत घेण्याआधी घरातले भांडे उलटे झाले. मुक्ताबाईच्या मांड्यांची कथा आठवा : कुंभाराने खापर देऊ नये म्हणून अडवणूक होते आणि ज्ञानेश्वर आपली पाठ तापवतात. कथा श्रद्धेची आहे, पण तिच्यात एक सामाजिक सत्य आहे. ज्याच्या हाती भांडे, त्याच्या हाती दुसऱ्याचे जेवण.

१०/ आता डोंगरात जाऊ. कोरियाच्या पूर्वेकडील गांगवॉन हा प्रांत डोंगराळ आहे. भातशेतीला सपाट जमीन थोडी. तेथील धिरडी म्हणून प्रसिद्ध झाली ती कुट्टूच्या पिठाची आणि किसलेल्या बटाट्याची. कुट्टू म्हणजे आपल्याकडे उपवासाला चालणारे तेच धान्य. तेथील डोंगरउतारांवर जंगल जाळून तात्पुरती शेती करणारे शेतकरी राहत. त्यांना 'ह्वाजॉनमिन' म्हणत, म्हणजे अग्निशेताची माणसे.

११/ मेळघाटातही हेच होते. कोरकू शेतकरी जंगलाचा तुकडा तोडून, जाळून, राखेत धान्य पेरत आणि काही वर्षांनी दुसरीकडे जात. मध्य भारताच्या डोंगरांतील या पद्धतीचे 'दह्या' या नावाने वर्णन जेम्स फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सापडते. कुटकी, कोदो यांसारखी बारीक तृणधान्ये अशा उतारांवर, थोड्या मातीत आणि बैलाशिवायही येत. मका आणि ज्वारी यांची जोड होती. तव्यावर किंवा चुलीवर जे शिजे, ते या रानातले.

१२/ मग दोन्ही डोंगरांत शासन आले. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेळघाटचे सागवान राखीव झाले, फिरती शेती थांबवली गेली आणि कोरकू माणूस वनग्रामातला मजूर झाला. कोरियात १९६६ मध्ये अग्निशेती संपवण्याचा कायदा झाला आणि पुढील दशकात डोंगरातली कुटुंबे खाली आणली गेली. १९७३–७४ मध्ये मेळघाट देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत सामील झाला. पुढे गाभ्यातील काही गावेही हलली.

१३/ वनसंरक्षणाची आवश्यकता येथे नाकारायची नाही. नोंदवायचे ते एवढेच की जमीन बदलली की पीठ बदलते. उतारावरची शेती गेली तेव्हा तिच्याबरोबर उतारावरचे धान्यही मागे हटले. दप्तरात सागाच्या घनफुटांचा हिशेब राहिला. कुटकीच्या भाकरीचा किंवा धिरड्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. सोमेश्वराच्या धोसकाला ग्रंथ मिळाला. सेमाडोहच्या धिरड्याला तो मिळाला नाही.

१४/ यानंतर रंगमंचावर येतो गहू. १० जुलै १९५४ रोजी अमेरिकेत 'पब्लिक लॉ ४८०' हा कायदा झाला. तेथील शेतकऱ्यांचे अतिरिक्त धान्य मित्रदेशांना सवलतीने देण्याचा हा मार्ग होता. १९५३ मध्ये युद्ध थांबलेल्या, उद्ध्वस्त दक्षिण कोरियाशी १९५५ मध्ये करार झाला. भारताशी १९५६ मध्ये. बाराव्या शतकात समारंभापुरता असलेला गहू आता कोरियात पोत्यांनी उतरू लागला.

१५/ तांदूळ वाचवण्यासाठी १९६० आणि १९७० च्या दशकांत कोरियन सरकारने मिश्रधान्य आणि गव्हाचे पीठ खाण्याची मोहीमच चालवली. उपाहारगृहांना आठवड्यातील ठरावीक दिवशी भात विकण्यास मनाई होती. शाळेत शिक्षक मुलांचे डबे उघडून भातात सातू वगैरे मिसळले आहे की नाही ते तपासत. या दोन दशकांत शेवया, पाव आणि गव्हाच्या पिठाची धिरडी ही स्वस्त, रोजची वस्तू झाली. आज मालिकेत दिसणारे पाजॉन या अर्थाने प्राचीन कमी आणि विसाव्या शतकाचे अधिक आहे.

१६/ त्याच काळात आपल्याकडे काय चालले होते? १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. १९६६ मध्ये देशाने सुमारे १ कोटी टन धान्य आयात केले. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील कामांवर सुकडी वाटली गेली आणि परदेशी लाल ज्वारी, म्हणजे 'मिलो', घरोघरी पोहोचली. त्या पिढीतील कोणालाही मिलोची भाकरी कशी होती ते विचारा. उत्तराआधी चेहरा बोलतो.

१७/ पुढे आपला गहू आपल्याच देशात पुरेसा पिकू लागला आणि रेशन दुकानांतून डोंगरापर्यंत गेला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिना ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला ५ किलो धान्याचा हक्क दिला. कुपोषणाने गाजलेल्या मेळघाटात या धान्याचे मोल कमी लेखणे हा उद्दामपणा ठरेल. पण त्या पोत्यात प्रामुख्याने गहू आणि तांदूळ येतो. भरड धान्य किलोला १ रुपयाने देण्याची तरतूद कायद्यात होती. तरीही कुटकी त्या पोत्यातून क्वचितच आली.

१८/ तेलाची कथाही अशीच. वऱ्हाडच्या स्वयंपाकात जवस, करडई, तीळ यांची तेले होती. मेळघाटात मोहाच्या बियांचे तेल होते. अमेरिकन यादवीमुळे (१८६१–६५) वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला हवासा झाला, १८७० मध्ये खामगावला रेल्वे फाटा आला आणि शेतीचे तोंड बाजाराकडे वळले. गेल्या तीन-चार दशकांत त्याच कापसाच्या शेजारी, पुष्कळदा त्याच्या जागी, सोयाबीन उभे राहिले.

१९/ येथे कोरियाची आणि वऱ्हाडची गाठ अनपेक्षित ठिकाणी पडते. जॉनबरोबर जे तोंडीलावणे देतात ते सोया सॉस आणि व्हिनेगरचे. सोयाबीन हे मूळचे पूर्व आशियाचे पीक. तेथे ते आंबवून सॉस आणि डाळीच्या लगद्यासारखा 'द्वेनजांग' करतात. अमरावती आणि अकोल्याच्या शेतांत तेच सोयाबीन पिकते, पण घरात ते धान्य म्हणून शिरत नाही. मोंढ्यात जाते, कारखान्यात जाते आणि रिफाइंड तेलाची पिशवी होऊन परतते. ज्याच्या शेतात सोयाबीन, तोच सोया सॉसची बाटली परदेशी पदार्थ म्हणून विकत घेतो.

२०/ "मग आपले मूळचे काय?" असा प्रश्न प्रतिसादात येईलच, म्हणून आधीच सांगतो. ज्वारी मूळची आफ्रिकेची. मका, मिरची आणि बटाटा अमेरिका खंडातले; मिरची पोर्तुगीजांच्या व्यापारातून भारतात आली आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस कोरियात पोहोचली. त्याआधी किमचीही लाल नव्हती. तेव्हा शुद्धतेचा आग्रह येथे टिकत नाही. प्रश्न धान्य कोठून आले हा नसून ते घरात येताना घरातल्यांची संमती होती की नव्हती, हा आहे.

२१/ लोककथांबाबतही सावध राहू. 'बिंदेत्तॉक' म्हणजे 'गरिबांची पोळी' आणि जोसॉन काळात श्रीमंत घरे दुष्काळात ती राजधानीच्या वेशीबाहेर वाटत, असे आवडीने सांगितले जाते. भाषाअभ्यासक मात्र या शब्दाचे मूळ सतराव्या शतकातील 'बिंज्या'त आणि त्यामागच्या चिनी शब्दात पाहतात. व्युत्पत्ती लोकांनी रचलेली असली तरी ती का रचली गेली हे महत्त्वाचे आहे. पोटासाठी परतलेल्या पिठाला लोकांनी भुकेचा इतिहास जोडून दिला.

२२/ आता कृती, कारण इतिहास हाताने केला की लवकर कळतो. पहिला प्रकार गव्हाचा. एक वाटी मैदा किंवा कणीक, दोन चमचे तांदळाचे पीठ, मीठ आणि साधारण वाटीभर गार पाणी. फार घोटू नका. गव्हातील ग्लुटेनला ताण आला की धिरडे चिवट होते. गार पाणी आणि थोडे तांदळाचे पीठ याच कारणासाठी. तव्यावर सढळ तेल, वर कांद्याच्या पातीचे बोटभर लांब तुकडे, त्यावर पातळ पीठ. कडा तपकिरी झाल्यावरच उलटा.

२३/ दुसरा प्रकार सेमाडोहच्या घरात अधिक शोभेल. एक वाटी मुगाची डाळ आणि पाव वाटी कुटकी चार तास भिजवा. थोड्याच पाण्यात रवाळ वाटा. त्यात कांद्याची पात, पातळ चिरलेले काटवल किंवा कोबी, हिरवी मिरची आणि मीठ घाला. पावसाळ्यात तरोट्याचा कोवळा पाला मिळाला तर तो उकडून, पिळून, चिरून घाला. तळहाताएवढी, अर्ध्या सेंटीमीटर जाडीची धिरडी पसरून मध्यम आचेवर प्रत्येक बाजू चार-पाच मिनिटे होऊ द्या.

२४/ सोबत दोन चमचे सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर, एक चमचा पाणी, भाजलेले तीळ. नाहीतर ठेचा, कोणतेही शास्त्र आड येत नाही. एक फरक तुमच्या ध्यानात येईल. गव्हाचे धिरडे लवचीक असते, सहज उलटते. मूग-कुटकीत ग्लुटेन नाही, म्हणून ते घाईने उलटले तर मोडते. त्याला लहान आकार आणि धीर लागतो. जुन्या कृतींत धिरडी लहान का होती याचे एक उत्तर येथे, उलथण्याच्या टोकावर मिळते. विसाव्या शतकातील गव्हाने तव्याएवढे मोठे, एकसंध पाजॉन सोपे केले.

२५/ तेव्हा "हे तर आपले धिरडेच" हे वाक्य अर्धे खरे आहे. रीत दोघांची आपापली आणि जुनी. पीठ मात्र दोघांच्याही हातचे राहिले नाही. गांगवॉनच्या आणि मेळघाटच्या चुलींवर वनखात्याचे नियम, जहाजांवरचे गहू, मोंढ्यातले भाव आणि रेशनची पोती यांनी पीठ ठरवले. स्वयंपाक करणाऱ्या बाईने त्यातून जे उत्तम होईल ते केले. तिचे कौशल्य खरे, आणि तिच्यापुढे निवड थोडी होती हेही खरे.

२६/ कोरियात कुट्टूची आणि मुगाची धिरडी आज अभिमानाने विकली जातात. त्यांना बाजार मिळाला, नाव मिळाले. आपल्याकडे २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि शहरांतल्या दुकानांत कुटकीची सुंदर पाकिटे आली. पण ज्या घरात कुटकी पिकत होती त्या घरात ती परत शिजू लागली का, हा प्रश्न पाकिटाच्या किमतीने सुटत नाही. तो पेरणीच्या जमिनीने, हमीच्या खरेदीने आणि रेशनच्या पोत्यात तिला जागा मिळण्याने सुटेल.

२७/ जांग ग्येह्यांगने आपल्या पुस्तकाच्या अखेरीस मुलींना बजावले होते : हवी तर नक्कल उतरवून न्या, पण मूळ पुस्तक घराबाहेर नेऊ नका. म्हणूनच ते साडेतीनशे वर्षे टिकले. मेळघाटच्या स्वयंपाकाचे असे पुस्तक नाही. ते आजीच्या बोलण्यात आहे, आणि आजी कायमची नसते.

२८/ म्हणून एक काम सुचवतो. पुढचा पाऊस लागेल तेव्हा कोरियन धिरडे अवश्य करा. तवा तापेपर्यंत घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीला तीन प्रश्न विचारा : तुमच्या लहानपणी धिरड्यात कोणते पीठ होते? ते कधी बदलले? का बदलले? उत्तर त्यांच्याच शब्दांत, गावाच्या नावासह आणि अंदाजे सालासह लिहून ठेवा. भाषा वऱ्हाडी असो वा कोरकू, ती सुधारू नका.

२९/ ती नोंद या धाग्याखाली लिहिलीत तर आपण त्या गावांनुसार लावू. धागा येथे संपला. नोंदींची वाट पाहतो.